जास्वंद की करंज

कुठलीही वस्तू हातात आली की शेजारचे काकाजी आधी ती उलटी करून बघत. वाटी असो, कपबशी असो, फराळाचा डबा असो. नवी शेजारीण म्हणून मी पहिल्यांदा चिवडा घेऊन गेले, तेव्हा त्यांनी डबा डोक्याच्या वर धरून त्याचा तळ न्याहाळला आणि म्हणाले, "मी काही म्हणत नाही. पण पाहून घेतलेलं बरं."

तुमच्याही गल्लीत असा एक जण असेल. दारासमोर ऑटो थांबली की खिडकीचा पडदा हलवणारा. मीटर पाहायला आलेल्याला "भैया, किसके यहाँ आए हो?" असं विचारणारा, आणि उत्तर मिळाल्यावरही तो परत जाईपर्यंत फाटकात उभा राहणारा. नर्मदेकाठच्या आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, राइट टाउनमधल्या गल्लीत, हे काम काकाजींकडे होतं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी तपासणी विभागात काढली होती. तयार माल त्यांच्या टेबलावर यायचा; ते मोजायचे, ठोकायचे, वास घ्यायचे आणि मग 'पास' किंवा 'रिजेक्ट'चा शिक्का मारायचे. निवृत्त झाले तेव्हा शिक्के कारखान्यात राहिले, नजर घरी आली. पत्नी वारली होती, एकुलती मुलगी नागपूरला. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत.

आम्ही तिथलं जुनं घर विकत घेऊन, ते पाडून नवं बांधलं होतं. समोर जेमतेम दोन खाटा मावतील एवढं अंगण उरलं. घराचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे मे महिन्यात समोरच्या खोलीची भिंत दिवे लागल्यावरही हाताला चटका द्यायची. ह्यांचं म्हणणं, तिथे करंज लावू, चारपाच वर्षांत दाट सावली होईल. सासूबाईंना जास्वंद हवी होती. "देवाला रोज लाल फूल होईल. सावली काय, पडदा लावला तरी मिळते."

"काय चर्चा करून राहिले सारे?" भिंतीपलीकडून आवाज आला. काकाजी कधीचे ऐकत होते कोण जाणे.

सासूबाईंनी सांगितलं.

"वहिनी बरोबर म्हणतात. जास्वंद लावा."

"काहून?" ह्यांनी विचारलं.

"जास्वंद पहिल्याच वर्षी फूल देते, बारा महिने देते. पिठ्याची कीड लागली, फांदी कापून फेका. आडवी वाढली, कात्री लावा. ती ऐकते. करंज ऐकत नाही. त्याची पानं कोणाच्या अंगणात पडतील, मुळं कोणाच्या घराखाली जातील, कोणी पाहिलं?" बोलता बोलता त्यांची नजर मधल्या भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली.

मी ती नजर टिपली. ह्यांना आत म्हटलं, "फुलाचं प्रेम नाही हे. भिंतीचं आहे."

आणि मग, खरं सांगायचं तर थोडं हट्टानंच, आम्ही मधल्या भिंतीच्या कडेलाच करंज लावला. सासूबाईंची जास्वंद व्हरांड्यातल्या कुंडीत गेली.  काकाजी रोज सकाळी भिंतीशी येऊन त्या रोपाकडे बघत उभे राहू लागले. चहा पीत. कारखान्यात संशयित मालाकडे असेच बघत असतील.

दोन महिने रोप तरारलं. मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. मी पाणी वाढवलं, कमी केलं, शेणखत घातलं. काही उपयोग नाही. एका सकाळी ऑफिसची तयारी करता करता खिडकीतून पाहिलं, तर काकाजी भिंतीवरून वाकलेले, त्यांचा हात आमच्या आळ्यात. त्यांनी मातीत बोट खुपसलं, वर काढलं, हुंगलं आणि इकडेतिकडे बघून पटकन घरात गेले.

मी बाहेर धावले. रोपाच्या बुडाशी, ओल्या मातीवर, पांढरे कण पसरले होते. मीठ! दुसरं काय असणार?

तो दिवस मी ऑफिसात कसा काढला ते मलाच ठाऊक. फायली समोर होत्या आणि डोक्यात पांढरे कण. मागच्या काही महिन्यांतलं त्यांचं सगळं आठवून मी एकेक दुवा जोडत गेले: जास्वंदीचा आग्रह, भिंतीवरची नजर, सकाळची हजेरी. रविवार उजाडला तोवर रोपाची काडी झाली होती. काकाजी अंगणात दिसताच मी भिंतीशी गेले.

"काकाजी, झाडात काय टाकलं तुम्ही?"

त्यांच्या हातात पेपर होता. त्याची त्यांनी हळूहळू घडी केली.

"अगं, काय बोलतेस!" सासूबाई मागून म्हणाल्या.

"मी डोळ्यांनी पाहिलं ना. हात आत घालून होते. मीठ टाकलं आहे."

काकाजींनी माझ्याकडे नाही, रोपाकडे पाहिलं. "सूनबाई, तपासलं काय तुम्ही?"

"त्यात काय तपासायचं?"

ते वळले आणि आत गेले. दाराची कडी वाजली. मला वाटलं, जिंकले. पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

तासाभरानं आमचं फाटक वाजलं. काकाजी पहिल्यांदाच आमच्या आवारात येत होते. खांद्यावर लोखंडी पहार. कोणाला काही न विचारता त्यांनी मेलेलं रोप उपटून बाजूला ठेवलं आणि आळ्यात पहार मारली. दुसऱ्या घावालाच ठण्ण आवाज आला. ह्यांनी त्यांच्या हातून पहार घेतली. वीतभर मातीखाली सिमेंटची ढेकळं निघाली, फरशीचे तुकडे, प्लास्टरचे पोपडे आणि नारळाएवढे चुन्याचे गोळे. आमच्या ठेकेदारानं जुन्या घराचा सगळा मलबा तिथेच पुरून वर माती पसरली होती.

काकाजींनी एक गोळा बोटांत चुरडला. तळहातावर तेच पांढरे कण.

"हा चुना वर येऊन राहिला. त्या दिवशी वास घेतला तेव्हाच शंका आली होती. पण तुमची जागा. न विचारता कसा खणू? आणि विचारलं असतं तर तुम्ही म्हणाल्या असत्या, बुढ्ढा झाड काढायला निघाला."

म्हटलंच असतं मी. माझी मान वर होईना. "चुकलं माझं, काकाजी."

"संशय घेतला ते नाही चुकलं. माझ्यासारख्यावर घ्यायलाच पाहिजे. पण तपासल्याबिगर शिक्का मारला, ते चुकलं." मग ते त्या मलब्याच्या ढिगावरच बसले. सासूबाईंनी पाणी आणून दिलं. अर्धा पेला पिऊन म्हणाले, "मी पण असा शिक्का मारला आहे. एकदाच."

त्यांच्या अंगणात कडुनिंब होता. बायको त्याखाली बसून भाजी निवडायची, मुलीची वेणी घालायची. घराच्या भिंतीला तडा गेला आणि दर वर्षी वाढत चालला. काकाजींनी ठरवलं, मुळं भिंतीत शिरली. बायको म्हणाली, आधी एकदा खणून तर पाहा. "मी म्हटलं, मला नको शिकवू, माझं कामच आहे ते." ती एका लग्नाला म्हणून माहेरी, नागपूरला गेली असताना त्यांनी माणसं लावून झाड बुंध्यासकट काढलं.

"एकही मूळ भिंतीकडे गेलं नव्हतं, सूनबाई. एकही नाही. पुढच्या वर्षी तडा आणखी वाढला. भिंतीतला नळ गळून राहिला होता."

"काकू काय म्हणाल्या?"

"काही नाही. आली, अंगण पाहिलं, आत गेली. मग भाजी स्वयंपाकघरातच निवडायची. जाईपर्यंत अंगणात बसली नाही." त्यांनी उरलेलं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "म्हणून तुम्हाला जास्वंद सांगितली. जास्वंदीवर खोटा संशय घेतला, कापली, तरी महिन्यात फुटते. झाडाचं तसं नसतं. करंज वाढला असता, भिंतीला बारीकशी रेघ आली असती, की माझं डोकं पुन्हा सुरू झालं असतं. झाडाचा भरवसा आहे मला. माझा नाही."

पुढचे तीन रविवार आम्ही मलबा काढला, माती भरली. काकाजी खुर्ची टाकून देखरेख करायचे आणि मातीची प्रत्येक गोणी उघडून पाहायचे. काय लावायचं ते मात्र त्यांनी आमच्यावर सोडलं. आम्ही पुन्हा करंजच आणला, भिंतीपासून चार हात दूर खड्डा केला. या वेळी तो जगला. डोक्याच्या वर गेला, त्याखाली दुपारी एक खुर्ची मावू लागली. काकाजींना बोलावलं तर ते यायचे, पण खुर्ची थोडी उन्हाकडे सरकवून बसायचे.

एकदा ते न्हाणीघरात घसरून पडले आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. बाबा गेले. अस्थी नर्मदेतच सोडायच्या, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी. "तुम्ही याल का ग्वारीघाटला? मला तिथं आता कोणी ओळखीचं उरलं नाही."

मी गेले. अस्थी सोडून होडी परत आल्यावर ती घाटाच्या पायऱ्यांवर बसली. ऊन चांगलंच तापलं होतं, मी ऑफिसातून येताना घेतलेली छत्री माझ्या काखेत होती.

"फार त्रास दिला असेल ना तुम्हाला?" ती म्हणाली. "सच बताइए. सगळ्यांवर शक करायचे."

"माझ्यावर कमी. मीच त्यांच्यावर घेतला होता एकदा." मी तिला करंजाची गोष्ट सांगितली. चुन्यापर्यंत ती हसत होती. कडुनिंबाचं नाव आलं आणि तिचं हसू थांबलं.

"त्याबद्दल बोलले ते? तुमच्याशी?"

"हो."

"घरात त्याचा विषय काढायची परवानगी नव्हती. मी तर इतकी वर्षं समजत होते, त्यांना आपली चूक कधी कळलीच नाही." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "काय म्हणाले? एकदम जसं बोलले तसं सांगा."

मी आठवून आठवून सगळं सांगितलं, एकही शब्द माझ्या पदरचा न घालता. एकही मूळ भिंतीकडे गेलं नव्हतं, हे तिनं मला दोनदा सांगायला लावलं. मग ती गुडघ्यांवर डोकं ठेवून बसून राहिली. मी छत्री उघडली आणि तिच्यावर धरली.