पाण्यात उभे राहिलेले पूलवाले

देवानंद गजभिये शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचा. नोकरी पुलांची. इलिनॉयभर ड्राइव्ह करत जुन्या पुलांना कुठे तडे गेलेत, कुठे गंज चढलाय ते तपासायचं. वीकेंडला मात्र तो गॅराजमधल्या टेबलाशी, नेपोलियनच्या फौजेत असायचा. बोटाएवढे शिशाचे सैनिक विकत आणायचे, त्यांचे हातपाय कापून वाकवायचे, पुट्टीने नवे जोडायचे, कोट-टोप्या रंगवायच्या, हा त्याचा छंद.

चेहरे मात्र त्याची बायको सुलेखा करायची. लग्नाआधी ती नागपूरला शाळेत चित्रकला शिकवत असे. इवल्याशा ब्रशने ती दाण्याएवढ्या तोंडावर भूक, थंडी, दाढीचे खुंट सगळं उमटवायची. असेच सैनिक रंगवणाऱ्यांच्या क्लबातले अमेरिकन भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, "देव, खरी आर्टिस्ट तुझी बायको आहे." देवानंदला त्याचं कोण कौतुक!

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याने बेरेझिना नदीचा देखावा करायला घेतला. नेपोलियनची फौज रशियातून माघारी येत होती. मागे शत्रू, पुढे नदी आणि पूल जाळून टाकलेला. तेव्हा फौजेतले पूल बांधणारे लोक छातीएवढ्या बर्फाळ पाण्यात उतरले आणि त्यांनी लाकडाचे पूल उभे केले. फौज पार झाली. पाण्यात उतरलेले बहुतेक जण मात्र थंडीने मेले.

"आणि नेपोलियन कुठाय?" सुलेखाने विचारलं.

"तो गेला पलीकडे. मला हे पाण्यातले करायचेत."

तिने त्या बिनचेहऱ्याच्या माणसांची ओळ आपल्यापुढे ओढली. "मग यांना माणसासारखं माणूस करू," म्हणाली.

सुलेखाला बरीच वर्षं डायबेटिस होता. त्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांपुढे काळे धागे तरंगायला लागले. डॉक्टरांनी लेझर केलं, पण एका डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं. तरी ती टेबलाशी बसायची. एकेक सैनिक पुढे करून विचारायची, "बघा हो, डोळे जमलेत ना? खरं सांगा."

डोळे जमलेले नसायचे. एक बुबुळ वर, एक गालावर ओघळलेलं. देवानंद म्हणायचा, "फर्स्ट क्लास." तिच्या तोंडावर जे हसू यायचं, त्यापुढे त्याला दुसरं काही बोलवत नसे.

वसंतात शिकागोच्या एका हॉटेलात प्रदर्शन भरलं. सुलेखा त्याचा दंड धरून आली. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने देखावा बराच वेळ न्याहाळला. पाणी सुरेख, लाकूड सुरेख म्हणाला. मग अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "हे सगळे आंधळे दाखवलेत का? थंडीने दृष्टी गेली म्हणून?"

देवानंदने घाईघाईने "हो" म्हटलं. पण सुलेखाच्या हाताची पकड सुटली होती.

परतताना गाडीत, घराजवळच्या वळणावर ती बोलली.

"तुम्हाला दिसत होतं."

"सुलेखा, तू इतकी मन लावून..."

"डोळे जाणार ते माहीत होतं मला. म्हणून तर तुम्हाला विचारत होते. तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर रंगवत होते मी. एकदा सांगितलं असतं, तर माझ्या हाताने ब्रश खाली ठेवला असता. चारचौघांत कळायला नको होतं."



ती पुन्हा गॅराजमध्ये गेली नाही. पुढच्या वर्षी दोन्ही डोळे गेले. देवानंदने एक पूलवाला आणून तिच्या तळहातावर ठेवून पाहिला. तिने तो चाचपलादेखील नाही. "राहू द्या," म्हणाली आणि मूठ न मिटता हात तसाच पुढे धरून राहिली, त्याने उचलून नेईपर्यंत.

त्यानंतर देवानंद तिच्याशी कधी खोटं बोलला नाही. बाहेर कसं आहे विचारलं तर, "बर्फ काळं पडलंय, घाण दिसतंय." साडी कशी दिसते, तर "पदराला डाग आहे, बदल." लोकांना तो रूक्ष वाटायचा. सुलेखा साडी बदलायची.

मग किडन्या गेल्या. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये हॉस्पिटलात तिने त्याला जवळ बोलावलं.

"माझं तोंड कसं दिसतंय हो?"

"सुजलंय," तो म्हणाला. "पिवळं पडलंय. ओठ फाटलेत."

"हं," ती म्हणाली. तिने त्याचा हात चाचपत शोधला आणि स्वतःच्या गालावर ठेवून घेतला. "भिऊ नका. तुम्ही सांगता म्हणून मला दिसतं."

दोन दिवसांनी ती गेली.

घरी नागपूरकडची मंडळी जमली. बुद्धवंदना सुरू झाली, तेव्हा सगळे एका सुरात म्हणू लागले. देवानंद भिंतीला टेकून बसला होता. ओठ हलत होते, आवाज काही फुटला नाही. शेजारच्या शोभामावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या वाटचंही त्याच म्हणत राहिल्या.