मॅडमच्या दवाखान्याला लागून

दवाखान्याशेजारी घर असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. पन्हाळीखाली ठेवलेली बादली भरते, तसे ते आपले आपण साचत जातात.

आमच्या कापूरहोळच्या घराची मागची भिंत डॉक्टर मॅडमच्या दवाखान्याला लागून आहे. त्यांचा बाक भरला की पेशंट सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसतात. मग मी पाणी देते, चहा देते, आणि ‘काय होतंय?’ एवढं विचारते. आमचे हे म्हणतात, “मॅडमच्या आधी तूच तपासतेस.” म्हणू देत. माझं दूध उतू गेल्याचा वास आला की गल्लीला कळतं, दवाखान्यात काहीतरी मोठं चाललंय.

मी नववीपर्यंत शिकलेली. औषधांची नावं मला विचारू नका. डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगते. माणसांची नावं मात्र बदलली आहेत, चौकस असले तरी तेवढं मला कळतं.

*

हायवेच्या एका ढाब्यावर सुमन नावाची बाई भाकऱ्या करायची. तिचा सगळीकडे बोलबाला. का, तर तापलेला तवा ती नुसत्या हाताने उचलायची. गिऱ्हाईक मोबाईलवर व्हिडिओ काढायचं. ती म्हणायची, “माज्या हाताला चटकाच बसत न्हाई.”

एकदा मी आणि मॅडम तिथं पिठलं-भाकरी खायला गेलो. मी कौतुकानं बघत होते. मॅडमनी हातातला घास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुमन आमच्या ओट्यावर. मॅडमनी तिला डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोपण हाताला टेकवत गेल्या. “कुठं टेकवलं ते सांग.” उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी पाच वेळा टेकवलं, तिनं एकदाही सांगितलं नाही. कोपरावर फिकट चट्टा होता, त्याला ती उन्हाचा डाग समजत होती.

कुष्ठरोग. आमच्याकडे हा शब्द अजून कुजबुजत बोलतात. मॅडम मोठ्यानं बोलल्या, “गोळ्या घ्यायच्या, बरा होतो. आणि औषध चालू झालं की दुसऱ्याला होत नाही.” गोळ्या सरकारी, फुकट. मॅडमनी वर्षभर एकही चुकवू दिली नाही.

पुढच्या वर्षी एके दिवशी सुमन बोट तोंडात धरून पळत आली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि चेहरा हसतोय.

“मॅडम, पोळलं! लई पोळलं!”

मॅडमनी ते बोट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

*

सारोळ्याची एक आजी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आली. मामानं हाताला धरून गरगर फिरवलं होतं, तेव्हापासून पोराचा डावा हात लुळा लोंबत होता. आजी वाटभर रडत आलेली.

मॅडमनी पोराला नाव विचारलं. विचारता विचारता कोपर धरलं, हात जरासा वळवला. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. पोरगं एकदाच किंचाळलं. मग मॅडमनी बिस्कीट पुढं केलं आणि पोरानं तोच हात वर करून घेतलं.

आजी बघतच राहिली. मग म्हणाली, “मॅडम, आलोच हाय तर दुसरा बी करून द्या.”

*

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धोंडिबामामा म्हशी राखतात. तीन आठवडे त्यांच्या एकाच नाकपुडीतून रक्त येत होतं. कांदा हुंगला, डोक्यावर गार पाणी ओतलं, काही उपयोग नाही. मॅडमनी बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

“वढ्याचं. वाकून, तोंड लावून. म्हशींसंगंच की.”

मॅडमनी माझ्याकडून गार पाण्याचं पातेलं मागून घेतलं. मामांना सांगितलं, नाक पाण्याच्या अगदी जवळ धरा आणि हलू नका. शेजारी मंदाताई, म्हणजे दवाखान्याची सिस्टर, चिमटा घेऊन उभी. अर्धा तास. ओट्यावरचे सगळे पेशंट आपापली दुखणी विसरून माना लांबवून बघतायत. आणि मग नाकपुडीतून काहीतरी काळं हळूच बाहेर आलं, पाण्याकडं लांबलं. मंदाताईनं धरलं. ओढलं तर येईना, म्हणून हलक्या हातानं, दमादमानं काढलं. चांगली बोटभर जळू.

पातेलं मी परत घेतलं नाही.

मॅडम म्हणाल्या, “मामा, म्हशीच्या नाकात जळू गेली तर काय करता?”

“ह्येच. पाटीत पानी ठिवतो अन् वाट बगतो.”

“मग स्वतःचं का नाही केलंत?”

मामा धोतराच्या सोग्यानं नाक पुसत म्हणाले, “म्हशीला म्या हाय. मला कोण व्हतं बगाया?”

*

एक माझाही सांगते. मागच्या हिवाळ्यात मला नुसतं बसून राहावंसं वाटायचं. थंडी वाजायची, आवाज बसलेला, अंग जड. वयामुळं असेल म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

एके सकाळी मॅडम अंगणाच्या भिंतीवरून वाकून म्हणाल्या, “उद्या उपाशीपोटी या. रक्त तपासायचंय.”

“मला काय झालंय?”

“काल ओट्यावर पाच पेशंट बसले होते. तुम्ही एकालाही काही विचारलं नाहीत.”

थायरॉइड निघालं. रोज एक गोळी चालू झाली. दीड महिन्यानं मी किकवीच्या एका बाईला तिच्या जावेचं माहेर कुठलं ते विचारत होते, तर आतून मॅडमचा आवाज आला, “मंदाताई, डोस बरोबर बसलाय.”

*

आता बबनराव. भोरच्या आतल्या गावातला पन्नाशीचा माणूस, बायको हिराबाई. सकाळी दोघं टेम्पोत बसून आले. बबनरावांचं पोट दुखत होतं. रात्रीचं वांगं बाधलं असेल म्हणून हिराबाईंनी ओवा दिला होता.

मॅडमनी पोटाला हातच लावला नाही. म्हणाल्या, “वर बघा.” बबनरावांच्या पापण्या वर जाईनात. “रात्री झोपला कुठं होता?”

“खाली. फरशीवर.”

“मण्यार,” मॅडम म्हणाल्या.

अंगावर कुठं दाताची खूण नाही, सूज नाही, आग नाही. मण्यार झोपेत चावते आणि माणसाला कळतही नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सापावरची इंजेक्शनं लगेच चालू केली. पण तासाभरात त्यांची जीभ जड झाली, मान पडली आणि मग श्वास थांबला. डोळे बंद, हातपाय थंडगार. टेम्पोवाला टोपी काढून उभा राहिला. हिराबाई भिंतीला टेकल्या.

मॅडमनी घशात नळी घातली, तिला रबरी पिशवी लावली आणि दाबायला लागल्या. “गेलेले नाहीत. हृदय चालू आहे. फक्त अंग हलत नाही. सगळं ऐकू येतंय त्यांना.”

पुण्याला मोठ्या दवाखान्यात मशीनवर ठेवायचं होतं. तिथंवर हातानं श्वास द्यायचा. मॅडम, मंदाताई आणि तिसरे हात माझे. मी नुसती बघायला ॲम्ब्युलन्सजवळ गेले होते, मॅडमनी आत ओढलं. दाबायचं, सोडायचं. माझ्या मुठीत एका माणसाचा श्वास होता. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

मॅडम हिराबाईंना म्हणाल्या, “त्यांच्याशी बोलत राहा. आत एकटे आहेत ते.”

“काय बोलू? घरात मला बोलायची पाळीच आली न्हाई कदी.”

“मग आज बोला. आज ते मध्ये बोलणार नाहीत.”

हिराबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि लग्नापासून सुरुवात केली. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला विचारलं नाही, भावाच्या लग्नात कोण रुसून बसलं, कुठल्या सणाला कोण कसं वागलं. तीस वर्षांचं सगळं. मी दाबत होते आणि ऐकत होते. खेड शिवापूरच्या पुढं बबनरावांच्या बोटाला लावलेल्या यंत्राची टिकटिक एकदम वाढली. मंदाताई घाबरली.

मॅडमनी बघितलं. “घाबरू नका. रागावलेत. म्हणजे आहेत.”

हिराबाई थांबल्या नाहीत. पुण्यात पोचेपर्यंत थांबल्या नाहीत.

पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तेव्हा नुकतीच नळी काढली होती. बबनरावांनी बोटानं बायकोला जवळ बोलावलं. पाणी हवं असेल म्हणून सिस्टर ग्लास घेऊन आली. त्यांनी मान हलवली. घसा पार बसलेला. हिराबाईंनी कान जवळ नेला, आणि मीही नेला.

“तुज्या भावाच्या लग्नात म्या रुसलो न्हवतो. नवी चप्पल लागत हुती, म्हून लांब बसलो हुतो.”