ओक्सुनचं ‘येतो’

अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्या शेजारी ओक्सुन राहते. कोरियाची, ऐंशीला टेकलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हयातभर ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवल्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी तिला त्याची इस्त्री दिसते. आमच्या ह्यांचा शर्ट बघून ती अजूनही सुस्कारा सोडते.

आमचे हे, म्हणजे चंद्रशेखर, रिटायर्ड इंजिनिअर. लोकांचे नळ दुरुस्त करायला सदैव तयार, घरातला गळतोय तो गळतोय. सगळा जन्म अमेरिकेत गेला, पण दुसऱ्याच्या दारातून निघताना ‘जातो’ म्हणायला ह्यांची जीभ वळत नाही. पहिल्यांदा ओक्सुनचं सिंक दुरुस्त केलं आणि निघताना म्हणाले, “ओके, आय अ‍ॅम कमिंग.” तिला वाटलं, हा परत येणार. तिने भात लावला, सूप गरम ठेवलं आणि वाट बघत बसली. संध्याकाळी पातेलं घेऊन आमच्या दारात हजर. “येतो म्हणालास. मी जेवले नाही अजून.”

मला हसू आवरेना. आमचं बोलणं इंग्रजीत, तिचं मोडकं आणि माझं मराठी वळणाचं. तसंच मी तिला समजावलं, की आमच्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, माणूस परत यावा म्हणून ‘येतो’ म्हणतात. तिने पातेलं माझ्या हातात दिलं.

“आमच्यातही,” ती म्हणाली. “घरून निघताना म्हणतात, जाऊन येते. मी निघाले तेव्हा आईने म्हणू दिलं नाही.”

त्या दिवशी आमच्या टेबलावर भात खाताना तिने सगळं सांगितलं. कोरियात युद्ध झालं तेव्हा ती लहान पोर होती. युद्धानंतर देशाकडे विकायला फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून बायकांनी केस विकले. तिच्या आईची वेणी अशीच गेली. ओक्सुन मोठी झाली ती विगच्या कारखान्यात, कुणाकुणाच्या आयांचे केस विंचरत. ते विग अमेरिकेला जायचे. पुढे लग्न होऊन तीही गेली. निघताना आई म्हणाली, “येते म्हणू नकोस. इथे परत येण्यासारखं आहे काय? तिकडेच पोटभर जेव.” त्यानंतर आई भेटली नाही.

मग तो देश उभा राहिला, आणि कसा! आमची नात शिवांगी दिवसभर कोरियन गाणी लावते. सिरीयल बघून कोरियन शिकली. मराठीत काही विचारलं, तर मात्र “व्हॉट, आजी?” मला रागच येतो. पण ओक्सुन आली की तिच्याशी चुरूचुरू कोरियन बोलते, आणि म्हातारी नुसती खुलते. एकदा मला म्हणाली, “आम्ही केस विकले. आता ही पोरं गाणी विकतात.” केवढा अभिमान होता त्यात. आणि लगेच डोळे पुसले. “सगळं झालं, आणि मी तिथे नव्हते.”

मागच्या वर्षी सोलहून तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. बहिणीची दृष्टी जात चालली होती. तू दिसतेयस तोवर ये, म्हणाली. ओक्सुन काही केल्या तयार होईना.

“तो देश आता श्रीमंत आहे. मी त्याच्या कशातच नव्हते. कोणत्या तोंडाने जाऊ?”

मी भडकले. “अगं, ती तुला देश बघायला बोलावतेय का? तिला तुला बघायचंय!”

तेवढ्यात शिवांगीने फोनवर तिचा जुना मोहल्ला काढला. सगळीकडे काचेच्या इमारती. ओक्सुनला काही ओळखू येईना. मग एकदम तिचं बोट थांबलं. “टेकडी. ही टेकडी तीच आहे.” त्याच आठवड्यात तिने तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी ह्यांनी तिची बॅग गाडीत ठेवली. ओक्सुन वळली, माझे हात हातात घेतले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “येतो.”

हल्ली तिच्या दारातून निघताना हे मराठीतच ‘येतो’ म्हणायचे; शब्द ह्यांच्याकडूनच उचललेला, त्यामुळे पुल्लिंगी. शिवांगीला नेमकं तेव्हाच मराठी आठवलं. “आजी, इट्स येते, राइट?” मी तिला डोळ्यांनी दटावलं. मला भीती वाटत होती, की म्हातारी तिकडेच राहील. राहिली असती तरी मी कोण बोलणार?

तीनेक आठवड्यांनी तिचा फोन आला. बहिणीला आता जेमतेम दिसत होतं. तिने ओक्सुनचे केस हातांनी चाचपले आणि म्हणाली, आईसारखेच आहेत.

“आज निघतेय,” ओक्सुन म्हणाली. “आईच्या फोटोसमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, जाऊन येते. बहिणीलाही म्हणाले. पुढच्या वर्षी परत इथे यायचंय.”

“उतरलीस की आधी आमच्याकडे ये,” मी म्हणाले.

“तू भात लाव,” ती म्हणाली. “येतो.”

तिचं विमान उतरायला अख्खा दिवस होता. मी तांदूळ धुवायला घेतले.