यर्मूकचं आख्यान

किट्टूअण्णांना जगातली एकच लढाई ठाऊक होती, आणि तीही अर्धवट. भाजीवाली भावावर अडून बसली की ते पिशवी खाली ठेवून म्हणत, "यर्मूकला असंच झालं होतं बघ. पहिल्या दिवशी कुणीच हटेना." ती बिचारी कानडीत "हौदु, हौदु" म्हणे, पण भाव कमी करत नसे.

पन्नास-साठ सालांच्या दरम्यान आम्ही बंगळूरच्या चामराजपेटेत राहत असू. अण्णा आमचे शेजारी, सरकारी कारखान्यात नकाशे काढत. निपाणीहून नोकरीसाठी पहिल्यांदा बंगळूरला येताना आगगाडीत त्यांच्यासमोर म्हैसूरच्या घोडदळातला एक म्हातारा स्वार बसला होता. पहिल्या महायुद्धात तो सीरियाकडे जाऊन आला होता आणि यर्मूक नदीवर त्याने घोड्याला पाणी पाजलं होतं. त्याच नदीकाठी तेराशे वर्षांपूर्वी रोमच्या बादशहाची आणि अरबांची फौज सहा दिवस कशी झुंजली, हे त्याने हातवारे करकरून सांगितलं. पाचवा दिवस संपला आणि अरसीकेरे आलं. स्वार ट्रंक उचलून उतरून गेला.

मी तेव्हा इतिहास घेऊन बी. ए. करत होते. शेवट सांगायला मी तोंड उघडलं की अण्णा कानांवर हात ठेवत. कारण त्यांचा जीव रोमन सेनापतीत अडकला होता. तो आर्मेनियाचा म्हातारा. "त्याच्या हाताखालचे सरदार आपसांत भांडतात गं, अगदी आमच्या ऑफिससारखे. तो काय करील? तू गप्प बस. जोवर मला ठाऊक नाही, तोवर तो हरलेला नाही."

अशा माणसाला कोणी कीर्तनाला उभं करतं का? आमच्या मराठी मंडळाने केलं. गणपतीत मिरजेहून येणाऱ्या बुवांचा घसा बसला, सहा संध्याकाळी रिकाम्या पडल्या, आणि अण्णा म्हणाले, "सरी, मी उभा राहतो." नमन झालं, पूर्वरंगात निरूपण झालं, बुक्का लावून झाला. आता आख्यानात द्रौपदी येणार म्हणून बायका सरसावून बसल्या, तोच अण्णांनी झांज वाजवून आरोळी दिली, "यर्मूकतीरी दळे मिळाली हो!" पेटीवाल्याचा सूरच हरवला.

दुसऱ्या संध्याकाळी अरबांची फळी फुटली. पुरुष तळाकडे पळत सुटले, तर त्यांच्या बायकांनी तंबूचे खांब उपटून त्यांना बडवून परत रणात हाकललं. अण्णांनी खांबांच्या जोडीला लाटणीही दिली. गोदाक्का, मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "वन्स मोअर!" म्हणून दुसऱ्या दिवसाची लढाई तिसऱ्या संध्याकाळीही झाली. कित्येक नवरे त्या दिवशी मांडवात फिरकलेच नाहीत. तिसरा आणि चौथा दिवस अण्णांनी चौथ्या संध्याकाळी एकत्र उरकला.

सहाव्या दिवशी दुपारी अण्णा आमच्या पायरीवर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"कुमुद, सांगून टाक."

"अण्णा, अरब जिंकले. मागचा पूल त्यांनी आधीच ताब्यात घेतला होता. रोमन दरीत कोसळले."

"आणि आमचा म्हातारा?"

"कोणी म्हणतात मारला गेला. कोणी म्हणतात मठात जाऊन संन्यासी झाला."

"मठात? म्हणजे स्वल्प आशा आहे म्हण की." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"आज रोमन जिंकले म्हणून सांगा. इथं कोण तपासणार?"

अण्णा ताडकन उठले. "काय बोलालीस? एवढी माणसं मेली, त्यांच्याशी लबाडी करू?"

त्या संध्याकाळी त्यांनी सगळं खरं सांगितलं. वाऱ्याने डोळ्यांत गेलेली धूळ, अडवलेला पूल, अंधारी दरी. शेवटी ते रडूच लागले. कीर्तन असं रडत संपवायचं नसतं, म्हणून पेटीवाल्याने घाईने आरतीचा सूर धरला. गोदाक्कांनी त्याला हातानेच थांबवलं.

"अहो अण्णा, त्या हरलेल्यांच्या घरच्यांना कोणी कळवलं का?"

"ते मला ठाऊक नाही, अक्का. त्यांच्या बायका पान मांडून बसल्या असतील अजून."

आरती झाल्यावर गोदाक्कांनी सगळ्यांच्या आधी केळीच्या पानावर भरपूर खिरापत काढली आणि मखरापाशी ठेवली. "ही रोमनांची," म्हणाल्या. कोणी हसलं नाही. पोरांनीसुद्धा त्या पानाला हात लावला नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. एवढा वेडा आणि एवढा सरळ माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्या शेवटच्या कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायऱ्यांवर पाय पसरून ऊन खात बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, आता पुढं काय? आमच्या लायब्ररीत लढायांची कपाटं भरलेली आहेत. एखादी आणू?"

"नको गं बाई," ते म्हणाले. "आत्ताच तर घरी आलोय."