विहिणीसाठी उतरवलेली मिशी

तोंडातून एकही खोटा शब्द न काढता माणूस केवढी लबाडी करू शकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? मला ठाऊक आहे. ती मी स्वतः केली आहे, आणि तीही भोरच्या एका शाळेत मुलांना नीतिपाठ देत असताना. चहा निवला तरी चालेल; आधी ऐका.

सिनेमाविषयी माझे मत त्या काळी स्पष्ट होते, आजही आहे. अंधारात बसून परक्यांची फजिती पाहणे हे रिकाम्या माणसांचे काम. मग असल्या मताचा माणूस सिनेमात शिरला कसा? स्तुती ऐकून. दुसरे काय?

आमचे मित्र गोविंदराव संस्थानच्या कचेरीत कारकून. बोलपट निघाल्यावर पुण्यातली मूकपटांची एक कंपनी बुडाली, तेव्हा तिचा हाताने फिरवायचा कॅमेरा यांनी स्वस्तात उचलला. मग चार मित्र गोळा करून, दर रविवारी आंबवड्याच्या ओढ्याकाठी विनोदी मूकपट काढण्याचा घाट घातला. कथा एवढीच की लग्नात विहीणबाई रुसतात आणि सारा मांडव त्यांच्या मागे धावतो. विहिणीच्या कामासाठी कोणा घरंदाज बाईला विचारण्याची सोय नव्हती.

"मास्तर, हे काम तुमचे," गोविंदराव म्हणाले.

"मी सिनेमाच्या विरुद्ध आहे."

"म्हणूनच. थिल्लर माणूस लुगडे नेसला तर तमाशा होईल. तुमच्यासारखा चारित्र्यवान नेसला, तर विहीण होईल."

यावर मी पुष्कळ विचार केला, असे मी नंतर सर्वांना सांगत असे. खरे म्हणजे मी फक्त आरशात पाहिले.

मिशीवर प्रथम पिठी थापून पाहिली. गोविंदरावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि निर्वाळा दिला, "मास्तर, पिठात झुरळ पडल्यासारखे दिसते."

शनिवारी संध्याकाळी मी न्हाव्यापुढे बसलो. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नसते, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. न्हाव्याने वस्तरा हातात धरून विचारले, "मास्तर, गावाकडं समदं ठीक हाय न्हवं?"

"तू तुझे काम कर," मी म्हणालो.

त्याने केले. मिशी उतरवली, आणि दिवेलागणीच्या आत बातमी बाजारपेठभर पोहोचवली.

सोमवारी मी तोंडाला उपरणे गुंडाळून शाळेत गेलो. हेडमास्तरांनी मला पाहताच डोक्यावरची टोपी काढली. "वडील गेले आणि तुम्ही शाळेत आलात? धन्य तुमची कर्तव्यनिष्ठा."

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. वडील धडधाकट आहेत, मी विहीण झालो आहे, असे सांगून नोकरी घालवावी; किंवा गप्प बसावे. मी मान खाली घातली. मान खाली घालणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, अशी मनाची समजूत घातली. नीतिपाठ देणाऱ्यांना असल्या समजुती झटपट सुचतात.

तेरा दिवसांची रजा मिळाली. वेल्ह्याकडे, माझ्या गावी, जाण्याचा प्रश्नच नव्हता. भोरात राहणे धोक्याचे होते. म्हणून आंबवड्यास लपलो. गोविंदराव रविवारी येऊन कॅमेरा फिरवीत, आणि मी बापाच्या सुतकात अंबाडा लावून, लुगड्याचा पदर खोचून रुसत असे.

रजेनंतर शाळेत गेलो, तो मोठ्या दालनात शोकसभा मांडलेली. हेडमास्तर म्हणाले, "दोन शब्द बोला." मी नाही म्हणू शकलो असतो. पण समोर शंभर मुले स्तब्ध बसलेली पाहून कोणता मास्तर नाही म्हणेल?

"माझे वडील," मी सुरुवात केली, "शांतीचा सागर होते. त्यांनी मला आयुष्यात कधी बोटसुद्धा लावले नाही."

"आसुडाचं बी सांग की," दारातून आवाज आला.

दारात आबा उभे होते. डोईला पागोटे, हातात काठी, गुडघ्यापर्यंत धूळ.

"आपण कोण?" हेडमास्तरांनी विचारले.

"ज्याची सभा चाललीया, त्योच."

शंभर मुलांपैकी एकही हसला नाही. ती शिस्त मीच लावलेली होती.

झाले होते असे, की हेडमास्तरांनी माझ्या आईच्या नावे सांत्वनाचे पत्र धाडले होते. आमच्या घरी वाचता कोणालाच येईना, म्हणून ते चावडीवर वाचले गेले.

"तुझ्या आईच्या बांगड्या फोडाया बाया आल्या व्हत्या," आबा म्हणाले. "म्या वसरीवर दाव्याला पीळ देत बसलोवतो. तरी दोघी मागं हटंनात. म्हन्त्यात, सायबाचं पत्र हाय. मिशी कशापायी काढलीस?"

आता गप्प बसण्याची सोय उरली नव्हती. "आबा, मी विहीण झालो होतो."

"कुनाची?"

हेडमास्तर खुर्चीत बसले. मी कॅमेऱ्यापासून अंबाड्यापर्यंत सारे सांगितले. ते ऐकून झाल्यावर त्यांनी मला कामावरून काढण्यासाठी दौत पुढे ओढली.

"नगं सायेब," आबा म्हणाले. "पोरगं लिवाया-वाचाया शिकवतंय, ती नोकरी ऱ्हाऊ द्या. शिक्षा म्या देतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पत्र वाचल्यावर बातमी खोऱ्यात समद्या सोयऱ्यांकडं गेली. आता ऐतवारी-ऐतवारी येकेक घर गाठायचं. सांगायचं, बाप जिता हाय, म्या विहीण झालोवतो."

शिक्षा मला सोपी वाटली. पहिल्याच रविवारी डोंगर चढून आत्याच्या घरी गेलो आणि पाठ केल्याप्रमाणे दोन्ही वाक्ये म्हणालो.

आत्याने मला खाली बसवले. "तुझ्या बापासाठी म्या आठ दीस रडले. त्ये कोन भरून देनार? विहीण झालावतास न्हवं? मग रुसून दाखव. म्या बी बघते."

मी रुसून दाखवले. आत्या म्हणाली, "मुक्यानं कोन रुसतं व्हय रं? तोंडानं बोल की." मी बोललो. शेजारणी जमल्या. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा करायला लावले.

पुढच्या घरी माझ्याआधी बातमी पोहोचलेली असे, आणि अंगणात घोंगडी अंथरलेली. गोविंदरावांना दर रविवारी विहीण मिळेनाशी झाली. कंटाळून त्यांनी कॅमेरा विकला. आमचा मूकपट कोणत्याही पडद्यावर कधी झळकला नाही. पण सोयरे पुष्कळ, वाटा डोंगराच्या आणि रविवार आठवड्यातून एकच, त्यामुळे दोन वर्षे मी घरोघर रुसत हिंडलो. आज वेल्ह्याच्या खोऱ्यात आमच्या सोयऱ्यांचे असे एकही घर नाही, की ज्याने तो खेळ अथपासून इतिपर्यंत, आणि आवाजासकट, पाहिलेला नाही.