भैरीबाय चपला काढून ऐकायची

भैरीबायला कानानं काय बी ऐकू येत नव्हतं, पन तिच्यामुळं आमच्या क्वारीत कुनाचं गुपित राहिलं नाय. आपन हळू बोलतो का मोठ्यानं, ते तिला कळायचंच नाय. एखादीच्या कानाशी तोंड नेऊन ती बारीक आवाजात सांगायची, म्हंजे तिला वाटायचं बारीक, "गो, मुकादमाच्या बायकोला परत दिवस गेलेत, कुनाला सांगू नको." पार पलीकडं डंपरवर बसलेला डायवर तिथनं हात जोडायचा, "नाय सांगत, मावशे!" आनि मुकादम तिथंच उभा, खाली मान घालून.

पनवेलच्या बाहेर डोंगर फोडून दगड काढायचे, त्याला आमी क्वारी म्हनायचो. माजा नवरा तिथंच कामाला व्हता. धूळ छातीत बसली नि खोकून खोकून गेला. तेरावं झालं नि मी त्याचा घन उचलून त्याच्या जागी उभी राहिले. दुसरं करनार काय? ना जमीन, ना शिक्षान. पयल्या दिवशी हाताला फोड आले. भैरीबायनं माजे हात बघितले, थुंकली आनि वरडली, "हातानं काय मारतीस? हात दोनच हायेत तुला. कमरेनं मार!" तवापासनं मी कमरेनं मारत आले. आता कंबर बोलते, पन हात शाबूत हायेत.

तिचे कान कशानं गेले, त्याच्या दोन गोष्टी व्हत्या. मुकादम म्हनायचा, सुरुंगाच्या बारानं गेले. ती म्हनायची, "नाय रं बाबा, बार तर रोज दुपारचेच. माजी सासू दिवसभर व्हती." सासू मरून वर्सं झाली तरी कान परत आले नाय, एवढीच तिची तक्रार.

ऐकू येत नसलं तरी बोलनं सगळं कळायचं तिला. व्हटांवरनं वाचायची. मुकादम लांब उभा राहून शिव्या द्यायचा, तर ही हितनं जबाब द्यायची. शेवटी तो शिवी द्यायच्या आधी तोंडापुढं टावेल धरायला लागला. मग काय, टावेल वर गेला का सगळ्या बायांना कळायचं, आता शिवी येते. आमी आधीच हसायला लागायचो. त्याची शिवी वाया जायची.

दुपारी जेवन झालं का सुरुंग लागायचे. सुरुंग लावनारा तात्या म्हनून एक मानूस व्हता, हाडाचा सरळ, बोलनं कमी. तो दगडात भोकं पाडून दारू ठासायचा, वाती पेटवायचा नि पळत वर यायचा. आमी सगळ्या आधीच वर, पायवाटेच्या टोकाला करवंदीच्या जाळीमागं. जेवढी भोकं भरलीत तेवढे बार फुटले पायजेत, हा क्वारीचा नेम. एक जरी कमी आला तर त्या दिवशी खाली कोन उतरनार नाय, कारन जिता बार दगडात तसाच बसलेला असतो. त्याच्यावर घन पडला का संपलं. म्हनून आमी बायका मोठ्यानं बार मोजायचो, सगळ्या एका सुरात, लग्नातली गानी म्हनल्यासारख्या. कानात बोटं घालून मोजायचो, ते येगळं.

भैरीबाय कानात बोटं घालायची नाय. ती चपला काढायची. उघड्या कातळावर अनवानी उभी राहायची, डोळे मिटून, आनि बोटाच्या पेरांवर मोजायची. बार फुटला का दगडातनं झटका येतो तो तिच्या तळपायाला लागायचा. एकेका झटक्याला तिचा चेहरा असा फुलायचा, जसं कोन गुदगुल्या करतंय. "तुमी कान झाकता," ती म्हनायची, "आनि परत म्हनता मी भैरी!"

एका दुपारी तात्यानं नऊ भोकं भरली व्हती. आमी वर आलो, बार सुरू झाले. एक, दोन, तीन... असं करत आठ झाले. जरा थांबले. मग एक असा मोठा झाला का जाळीतली पाखरं उडाली, मुकादमाच्या पत्र्याच्या शेडीचे पत्रे खडाखडा वाजले. सगळ्या वरडल्या, "नऊ!" डोंगरात आवाज घुमतो, तो हिकडनं आला का तिकडनं ते कळत नाय. नऊ भरले, नऊ झाले. तात्यानं शिट्टी मारली. डंपर भरायला उभा व्हता, मुकादम घाई करत व्हता, "चला, चला गो, दुपार गेली!"

सगळ्या पाट्या उचलून निघाल्या तर भैरीबाय पुढं गेली आनि पायवाटेवर मधोमध बसली. वाट एवढीशी. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खड्डा. तिला वलांडल्याबिगर खाली जाता येत नव्हतं.

"आठ," ती म्हनाली.

"नऊ गो, नऊ!" सगळ्यांनी बोटं दाखवली.

"आठच. नववा पायाला लागला नाय. हितं लागला." तिनं छातीवर थाप मारली. "तो वरनं आला."

मग जे हसनं सुटलं! एक म्हनाली, "भैरी मोजते आनि आमाला खोटं पाडते." दुसरी म्हनाली, "पायाला काटा लागला आसंल, म्हनून झटका नाय लागला." मुकादम आला, टावेल बिवेल इसरला. "वरनं बार येतो काय गो? देवानं काय वर क्वारी काढलीय? ऊठ, नायतर उद्यापासनं येऊ नको." त्यात दोन बायकांनी तिला दंडाला धरून उचलायला घेतली. ती जड झाली, पोरं कशी जड होतात तशी. तोंडानं एकच, "आठ. आठ."

खरं सांगायचं तर, मलाबी पटलं नव्हतं. मी माज्या कानांनी नऊ ऐकले व्हते. पन रोज ती आनि मी एका फडक्यात भाकर खायचो. ती अशी एकटी धुळीत बसलेली, सगळ्या हसतायत, काम जानार हे तिला दिसतंय, भैरीला दुसरं कोन ठेवनार? बघवलं नाय मला. मी पाटी खाली टाकली नि तिच्या बाजूला जाऊन बसले.

हसनं थांबलं. "तू कशाला बसलीस?" मुकादमानं इचारलं. मी म्हटलं, "ही बसलीय म्हनून." मग आनखी एकीनं पाटी ठेवली. ती म्हनाली, "तात्याला तरी इचारा."

तात्या आला. तो भैरीबायच्या पुढं उकिडवा बसला, तिला व्हट दिसावेत म्हनून. "खात्री हाय?" ती म्हनाली, "तुज्या बाराला मी वळखते. तो तुजा नव्हता." तात्यानं कातळावर हात टेकला. मग उठला नि मुकादमाला म्हनाला, "मीबी नऊ ऐकले. पन आता शंका आली. शंका आली का आज नाय." मुकादमानं हातपाय आपटले, डंपर रिकामा पाठवला. बायका घरी जाताना आमाला दोघींना काय काय बोलल्या, ते हितं सांगन्यासारखं नाय. भैरीबाय पुढं चालत व्हती, व्हट दिसत नव्हते, तिला सगळं माफ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या एकटा खाली उतरला. आमी वर थांबलो. वर आला तवा अंगावरची बनेन घामानं चिकटलेली. भैरीबायच्या बाजूला बसला, तंबाखू मळली आनि स्वतःच्या आधी तिच्यापुढं हात केला. क्वारीत बायांना कोन तंबाखू मळून देत नाय. तवाच आमाला कळलं. वात मधीच विझली व्हती, बार जिता व्हता. कुठं, ते संध्याकाळी मी त्याला इचारलं. तो म्हनाला, "तुज्या जागेला." मी घरी गेले, भाकऱ्या थापल्या. दुसरं काय करायचं व्हतं?

तिसऱ्या दिवशी पनवेलच्या बाजारात गेले तर जिथं तिथं त्या नवव्या आवाजाचंच चाललेलं. भाजीवाली म्हनाली, आमाला वाटलं शिलिंडर फुटला. बेलपाड्याची एक मासे इकनारी म्हनाली, आमच्याकडं सगळे घराबाहेर पळाले, म्हातारा तर जेवनाचं ताट घेऊनच पळाला. उरनकडची मानसं म्हनत व्हती, आमच्याकडंच फुटलं काय तरी. ज्याला त्याला वाटलं आपल्याच मागं फुटलं. मग कोन तरी म्हनाला, लढाईचं विमान गेलं वरनं.

विमानानं कसा बार होतो, ते मला माज्या नातीनं आता आता समजावलं. ती कालेजात शिकते. म्हनाली, "आजी, खाडीत होडी जोरात गेली तर पुढं गेलेली असते नि लाट मागनं काठाला येऊन आपटते ना? तसं. विमान आपल्या आवाजाच्या पुढं पळालं का आवाज मागं साचत जातो, नि साचलेला सगळा एकदम खाली आपटतो. तू वर बघेपर्यंत विमान गेलेलं असतं. आनि तो एका ठिकानी नाय फुटत. विमान जिथनं जिथनं जातं, तिथं तिथं आपटत जातो." मी म्हटलं, मग सगळ्यांचंच खरं व्हतं की. ती म्हनाली, हो. आता तर पनवेलला रोज डोक्यावरनं विमानं जातात. पन ती मानसांची, आवाजाच्या मागनं चालनारी, घुरघुर करत जातात. त्यांना घाई नाय तेवढी.

त्या दिवसानंतर क्वारीत नेम बदलला. कोन बोललं नाय, पन बार संपले का तात्या शिट्टी तोंडात धरून आधी भैरीबायकडं बघायचा. तिनं चपला पायात घातल्या का शिट्टी. मुकादम घड्याळ बघत उभा. ती कधी कधी मुद्दाम येळ लावायची, चपलेतला खडा काढायची, परत घालायची. तेवढी मजा तिची व्हती, कोन बोलत नव्हतं.

मग क्वारी बंद झाली. ती लेकीकडं जायला निघाली. मी पनवेलच्या एश्टी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागायची व्हती, बाकड्यावर बसलो. मी तिच्यापुढं तोंड करून म्हटलं, "भैरीबाय, तू मला वाचवलीस." ती सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हसली. "मी कुठं? मी तर बसले व्हते. मला तर त्या उचलून बाजूला ठेवनारच व्हत्या. एकटी बसली का लोकं म्हनतात येडी. दुसरी बसली का मग इचारतात, काय झालं?" कंडक्टरनं हाक मारली ती तिला कळली नाय, मीच गाडीत चढवली. दोन पावसाळ्यांनी लेकीचा फोन आला, आई गेली म्हनून. लांब व्हतं, जायला झालं नाय.

गेल्या महिन्यात आमच्या चाळीसमोर मोठी इमारत चढतेय तिथं गलका ऐकला. माल चढवायच्या लिफ्टच्या दारात एक बाई मांडी घालून बसलेली. चौकडीची साडी, डोक्यावर चुंबळ तशीच. तिच्यासोबतच्या बाया वरडत व्हत्या, "ऊठ गो, आमाला वर जाऊ दे." सुपरवायझर शिट्टी वाजवत व्हता. एकीनं तिला दंडाला धरली.

मी रस्ता वलांडला. गुडघ्यावर हात ठेवून, कसंबसं, तिच्या बाजूला खाली बसले. ती माज्याकडं बघतच राहिली.

"आजी, तुमाला ठावं हाय काय झालंय?"

"नाय ठावं," मी म्हटलं. "सांग आता."