मासे दाखवणे

बमरोलीतल्या आमच्या गल्लीत पाहुण्याला 'आता निघा' असं कुणी म्हणत नाही. पाहुण्याला सुरत दाखवतात. चार-आठ दिवस झाले, बोलण्यातले विषय संपले, की घरचा माणूस मिलमधून एक सुट्टी काढतो. सकाळी चौकातला किल्ला, दुपारी मत्स्यालय, संध्याकाळी डुमसचा समुद्र आणि टोमॅटोची भजी. येताना घारीचा, इथल्या तुपाळ मिठाईचा, पुडा बांधून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा आपणच पिशवी भरतो आणि भुसावळच्या गाडीला बसतो. कुणाचं मन मोडत नाही. खानदेशातून आलेली आम्ही सगळी माणसं हे न बोलता पाळतो. गल्लीत एकमेकांना विचारतोसुद्धा, "काय, पाहुण्याला मासे दाखवले का?" दाखवले म्हटलं, की समोरचा समजतो, उद्या यांची खोली मोकळी.

इथे राहणारा माणूस मात्र यातलं काही बघत नाही. पाहुणा नसेल तर मी किल्ल्यात कशाला जाईन? जेवढ्या वेळा गेलो, तेवढ्या वेळा कुणाला तरी घालवायलाच गेलो. मेहुण्याला असंच घालवलं, चुलत्याला घालवलं. आणि गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन गेलो.

आमच्या घरात अहिराणी बोलतात. इथे लिहिताना बायकोचं आणि माझं बोलणं मी मराठीत आणलं आहे. मायचं मला आणवत नाही, ते तसंच ठेवतो.

वडील गेल्यावर माय गावी एकटीच राहायची. दिवाळीनंतर ती आली, तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. ती डब्यातून उतरली ती पोटाशी खापर धरून. खापर म्हणजे पुरणाचे मांडे भाजायची मातीची मोठी कढई, उपडी ठेवतात ती. गोधडीत गुंडाळून, गाडीतल्या त्या गर्दीत तिनं ते अख्खं आणलं होतं. चार दिवसांसाठी येणारी बाई खापर आणत नाही. मला तिथेच प्लॅटफॉर्मवर कळलं. मी म्हटलं, "दे, जड असेल." ती म्हणाली, "फोडशी तू." आणि स्वतःच घेऊन चालायला लागली.

आमची एक खोली आणि त्यातच स्वयंपाकाचा ओटा. बायको घरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावते. गठ्ठे भिंतीला लागून छातीपर्यंत येतात. मुलगी बारावीला, ती दिवा लावून वाचत बसते. माय गठ्ठ्यांच्या कडेला अंथरूण टाकायची. मी मिलमधून येईपर्यंत जागी असायची. बारा तास कापडाच्या घड्या घालून आलेल्या माणसाला काय बोलायचं असतं? पण ती बघायची. मी हात धुताना बघायची, जेवताना बघायची. विचारायची काही नाही.

मी काय केलं ते आता सरळ लिहितो. मी रोज घरात आलो की त्या गठ्ठ्यांकडे बघून उसासा टाकायचो. पाय कुठे ठेवायचा असं दाखवत चालायचो. रात्री बायकोला हळूच म्हणायचो, "तुझी किती ओढाताण होते गं." तिनं काही तक्रार केली नव्हती. उलट मायनं टिकल्यांचा डबा हातात घेतला, तर तिला बरंच वाटत होतं. पण मी रोज म्हणत राहिलो. शेवटी एक दिवस वैतागून तीच म्हणाली, "मग दाखवा ना मासे. माझ्या नावानं कशाला उसासे टाकता?"

मला हेच तिच्या तोंडून हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सुट्टी सांगितली.

माय सकाळीच लुगडं बदलून तयार झाली. मुलगी म्हणाली, "मोठीमाय, सायन्स सेंटरला जा, तिथे गोल छतावर तारे दाखवतात." माय म्हणाली, तारे गावीच खूप आहेत.

किल्ला आता छान केला आहे. आत दालनं, काचेच्या पेट्या, जुनी नाणी, तलवारी, वखारीच्या काळातली भांडी. जाड भिंती, खाली तापी. एका दालनात जुन्या कापडाचे तुकडे लावले होते, या बंदरातून जहाजांनी बाहेर जायचे तसले. माय काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "तू बी हाईच करस ना?" मी हो म्हटलं. गावात मी मिलमध्ये 'मास्तर', म्हणजे कारागिरांवरचा माणूस, आहे असं सांगून ठेवलेलं आहे. मी फक्त घड्या घालतो. त्या दालनातून मला लवकर बाहेर पडायचं होतं, पण बाणांची खूण पुढच्या दालनाकडेच होती, तिथून त्याच्या पुढच्या. एकदा आत शिरलं की सगळं बघूनच निघावं लागतं.

मत्स्यालयात दुपारी एका शाळेची सहल आली होती. अंधारा बोळ, दोन्हीकडे उजेडाच्या काचा, आणि मागून पोरांचा रेटा. मायनं माझं मनगट धरलं होतं. एका टाकीपुढे तिनं विचारलं, "यामातला खावाना कोनता?" पुढचा माणूस हसला. मलाही हसू आलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, सगळं नीट पार पडेल.

तेवढ्यात समोरून आमच्या गल्लीतला एकजण आला. नंदुरबारकडचा, आमच्याच मिलमधला, बडबड्या. त्याच्यामागे त्याचे साडू आणि साडवाची बायको. त्यानं मला बघितलं, मग मायला बघितलं, आणि हात वर करून ओरडला, "अरे वा! मावशींनाही मासे! मग उद्या सकाळचीच गाडी ना? आमचे पण त्याच गाडीनं आहेत, सोबत होईल!"

त्याच्या साडवाचं तोंड उतरलं. त्या बिचाऱ्यालाही ते तेव्हाच कळलं असावं. पोरांच्या रेट्यानं ते लोक पुढे गेले. आम्ही मात्र हललो नाही.

मायनं मनगट सोडलं नाही. म्हणाली, "आठे पावनासले लई येतस का रे?"

मी म्हटलं, "हो, पाहुण्यांना इथेच आणतात."

"मी पावनी शे का?"

मागे पोरं, पुढे पोरं, एका बाजूला काच. मला कुठे जाता येत नव्हतं. खोटं सुचलंही होतं, तोंडापर्यंत आलं होतं. तो चेष्टा करतो गं, त्याचं काय ऐकतेस. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, रोज बघायची तसं. मी म्हटलं, "माय, तुला जा म्हणता येत नव्हतं, म्हणून आणलं."

"तिले जागा पुरत नही, का तुले?"

"तिचं काही नाही," मी म्हटलं. "मला."

मग मी बोलत गेलो. पोरं अंगावरून जात होती आणि मी बोलत होतो. म्हटलं, मी मास्तर नाही. म्हटलं, मला या कामाचा वीट आला आहे, बऱ्याच वर्षांपासून, आणि सोडता येत नाही. बायकोला, पोरीला मी ते कळू देत नाही, आणि त्यांना कळतही नाही. तू घरात असलीस की मला तोंड लपवायला जागा राहत नाही. घरी येताना पाय जड होतात. तू माझ्याकडे बघतेस ना, ते मला सोसत नाही.

माय ऐकत होती. तिचे डोळे भरले वगैरे नाहीत. ती म्हणाली, "मंग घर सांगानं ना भो. आठे मुक्यासमा कसाले लई उना माले?"

घरी सांगायचं ते या मुक्या माशांत आणून कशाला, याला मी एवढंच म्हटलं, "चल, घरी जाऊ."

"डुमस बी दखाड," ती म्हणाली. "अर्धं सुरत दखीसन कोन मांगे जाई?"

डुमसला ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, काळी वाळू आणि चिखल. पलीकडे हजीऱ्याकडच्या कारखान्यांचे दिवे लागत होते. ती बाकावर बसून भजी खात होती, टोमॅटोचं भजं तिला मनापासून आवडलं. खाऊन झाल्यावर तिनं पदरानं हात पुसले आणि विचारलं, "ऱ्हाऊ का जाऊ? एकच सांग."

मी 'राहा' म्हटलं. पण लगेच म्हटलं नाही. त्या मधल्या वेळात मी खरंच विचार केला, आणि जा म्हणायचंही मनात येऊन गेलं. तो वेळ तिनं पाहिला. पुड्यातलं उरलेलं भजं तिनं माझ्याकडे सरकवलं.

परत येताना मी घारी घेतली नाही. रिकाम्या हातानं दारात आलेलं पाहून बायको थबकली. ओट्यावर दशम्यांची चवड होती. दुधात पीठ भिजवून केलेल्या, प्रवासात टिकणाऱ्या. शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून झाकण लावलेलं. मायची गोधडीसुद्धा तिनं घडी करून दोरीनं बांधली होती. माझ्यासारखीच घडी घालते ती, कोपऱ्याला कोपरा लावून.

मुलगी तिच्या शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "तो मोठीमाय नथी जवानी?"

मी म्हटलं, "नाही जाणार." आणि बायकोकडे बघून म्हटलं, "जागेचं जे मी तुझ्या नावावर घालत होतो, ते माझं होतं. मायला सांगितलं मी."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. ती म्हणाली, "माझ्याकडून म्हणवून घेतलं ते पण सांगितलं?"

"नाही."

"मग ते आता सांगा. मी इथेच उभी आहे."

मी सांगितलं. मुलीसमोर, मायसमोर. माय भिंतीला टेकून पाय चोळत होती, तिनं मान वर केली नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि ओट्याकडे वळली. "आता इतक्या दशम्या कोण खाणार?" ती म्हणाली, आणि ताटं मांडली.

गाडीत खायच्या दशम्या आम्ही चौघांनी घरात, गठ्ठ्यांना पाठ लावून, गुडघ्याला गुडघा लागत खाल्ल्या. बायकोनं मला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. ती अजूनही पूर्वीसारखी बघत नाही. माय मात्र बघते.